श्रमांचे दर्शन आणि श्रमांना न्याय

‘लाइफ’ या नियतकालिकाने सोपविलेल्या कामासाठी टॉमस हार्ट बेंटन हा अमेरिकन चित्रकार १९३७ मध्ये हॉलिवूडला गेला. तेथील चित्रीकरण पाहून त्याने ‘हॉलिवूड’ (१९३७-३८) हे चित्र रंगविले. पडद्यावर कधीच न येणारा पसारा त्यात आहे : कॅमेरे, दिवे, यंत्रांशी गुंतलेले कामगार, मागे जळत्या शहराचे नेपथ्य. मधोमध मात्र अल्पवस्त्रा नटी. पडद्यामागचे जग दाखवितानाही चित्रकाराने पडद्याचीच उतरंड मान्य केली काय?

आक्षेप वरवरचा नाही. कामगारांना येथे देह लाभतात, व्यक्तित्व फारसे लाभत नाही. तरीही नटीकडे पुन्हा पाहावे. यंत्रांच्या गराड्यात तीही कामावरच आहे. स्वप्न प्रेक्षकाचे, तिच्या वाट्याला दिव्यांची धग. नायिका आणि कामगार हा भेदच मग डळमळू लागतो.

खरी अडचण निराळी आहे. तरुणपणी न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे बेंटनने मूकपटांसाठी नेपथ्य रंगविले होते. म्हणजे पडद्यामागचा माणूस तो स्वतःच. पुढे चित्राची रचना ठरविण्यासाठी तो आधी मातीच्या प्रतिकृती घडवी. ती माती पूर्ण झालेल्या चित्रात कोठेच दिसत नाही. दुसऱ्याचा आडपडदा दूर सारणाऱ्याने स्वतःचा राखावा, ही अप्रामाणिकता की कलेची अटळ अट? अट म्हणावी, तर तीच सवलत हॉलिवूडलाही द्यावी लागते, आणि या चित्रातील उपरोधाची धार तेवढ्यापुरती बोथट होते.