मेष राशीला ओगुन

बारा राशी आणि प्रत्येकीसमोर एक योरुबा देवता, असे तक्ते इंटरनेटवर सहज सापडतात. मेषेला ओगुन, कर्केला येमांजा, तुळेला ओशुन. खाली सल्ला: आपल्या देवतेच्या रंगाचे कपडे घाला, तिच्या नावाने मेणबत्ती लावा, आयुष्यात संतुलन येईल. सगळे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, पण तर्क कळतो. मेषेचा स्वामी मंगळ, म्हणजे युद्ध. ओगुन हा लोखंडाचा आणि युद्धाचा देव. तुळेचा स्वामी शुक्र; ओशुन ही प्रेमाची आणि गोड्या पाण्याची देवी. (हे तक्ते सूर्यराशीवर चालतात, आपल्या पत्रिकेतली रास चंद्राची. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांना दोन-दोन देव मिळतील!)

जुळणी हुशारीची आहे. पण यात कोण कुणाला निवडतंय?

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, गुलामांच्या जहाजांतून आलेल्या आफ्रिकनांनी जो धर्म उभा केला त्याला कांदोंब्ले म्हणतात. तिथे तुमचा ओरिशा, म्हणजे तुमची देवता, तुमच्या ‘डोक्याची मालक’ असते. ती कोण, हे पुजारीण कवड्या टाकून पाहते. अनेकदा सोळा कवड्या. कौल आपल्याला आवडेल असा लागेलच याची खात्री नाही. पुढे दीक्षा घ्यायची तर कित्येक दिवस एकांतात राहायचं, डोकं भादरायचं, काही पदार्थ वर्ज्य करायचे, आणि मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या वर्षीचे विधी. तिथलं संतुलन असं वर्षानुवर्षं कमवावं लागतं, आणि एकट्याने नाहीच. सोबत अख्खं घराणं असतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुळण्या तर या लोकांनी स्वतःच केल्या की! मालकाच्या घरी कॅथलिक संतांच्या मूर्तींपुढे हात जोडायचे आणि मनात ओरिशा. बाहियात सेंट बार्बरा म्हणजे वादळाची देवी इयान्सां. क्युबात तीच सेंट बार्बरा म्हणजे विजेचा देव शांगो. एवढी जुळणी सैल असेल तर राशीनेच काय घोडं मारलंय? शिवाय असे तक्ते खुद्द ब्राझीलमध्येही आवडीने वाचले जातात. परक्यांनी येऊन लुटलं, एवढी सोपी ही गोष्ट नाही.

तरी मला फरक दिसतो. संतांचा आडोसा घेतला नसता तर देव उरले नसते. जुळणी करणाऱ्यांनी तिची किंमत मोजली होती. आणि गरज संपल्यावर तो आडोसा काढायचा की नाही, हेही त्यांच्यातल्याच लोकांनी बोलून दाखवलं: 1983 साली साल्वादोरच्या माय स्टेला आणि इतर काही प्रमुख पुजारिणींनी जाहीर केलं की आमचे ओरिशा म्हणजे कॅथलिक संत नव्हेत. त्याआधी जेमतेम सात वर्षं, 1976 पर्यंत, बाहियात कांदोंब्लेच्या समारंभाला पोलिसांची परवानगी लागायची. तक्त्यातल्या ओगुनला कसली परवानगी लागत नाही. तो फक्त तुम्ही धाडसी आहात एवढं सांगतो आणि गप्प बसतो.

मग परक्याने लांबच राहायचं का? नाही. दरवर्षी 2 फेब्रुवारीला साल्वादोरच्या किनाऱ्यावर हजारो लोक येमांजासाठी फुलं, अत्तरं घेऊन येतात. त्यात दीक्षा घेतलेले थोडेच असतात, आणि तुमची रास कोणती, तुम्ही कुठले, असं कुणी विचारत नाही. समुद्रात फूल सोडणं हा नमस्कार झाला. ‘ही माझी देवता, म्हणून मी असा’ हा दावा झाला. दावा केला की देणंही लागतं, असं मला वाटतं. आपल्याकडे कुलदैवत म्हणताना त्यासोबत यात्रा, नवस, घराण्याची वहिवाट येतेच ना.

आणि देणं म्हणजे दरवेळी पूजाच असं नाही. साल्वादोरच्या माय जिल्दा यांचं उपासनाघर ओगुनचंच. 1999 मध्ये एका चर्चच्या वृत्तपत्राने त्यांचा फोटो भोंदूगिरीच्या बातमीसोबत छापला. त्यानंतर लोक त्यांच्या घरात घुसले, त्यांना त्रास दिला. 21 जानेवारी 2000 रोजी हृदयविकाराने त्या गेल्या. कुटुंब कोर्टात गेलं, जिंकलं. 2007 पासून 21 जानेवारी हा ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरोधाचा राष्ट्रीय दिवस आहे. साल्वादोरमध्ये त्यांचा अर्धपुतळाही बसवला गेला. त्याचीही तोडफोड झाली, एकदा नाही, पुन्हापुन्हा.