चि. नातीस, निचऱ्याविषयी

चि. नातीस,


कॉलेजच्या प्रकल्पासाठी ठिबक सिंचन हा विषय घ्यावा की निचरा, असं तू विचारलंस. निचरा म्हटलं की वर्गातली मुलं नाकं मुरडतात, असंही लिहिलंस. माझं मत आधीच सांगून टाकतो: निचरा घे. शेतात पाणी आणायला माणूस फार लवकर शिकला. तेच पाणी जमिनीतून बाहेर काढायचं शास्त्र मात्र हजारो वर्षं मागे पडलं, आणि त्याची झळ कोरड्या मुलखांनी सोसली.

कोकणात जमिनीत क्षार साठण्याचा प्रश्न क्वचितच उठतो, कारण तिथे पाऊसच दरवर्षी जमीन धुऊन काढतो. आपल्या पर्जन्यछायेत धुणारं कोणी नाही. हिशेब स्वतः मांडून बघ. कालव्याच्या गोड पाण्यातही लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धर. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एकराला आठ हजार घनमीटर पाणी झालं, आणि त्याबरोबर दोन टन क्षार शेतात उतरले. पाणी ऊस पितो, ऊन उडवतं. क्षार तिथेच राहतात. खाली वाट असेल तर पुढच्या पाळ्यांबरोबर ते खाली निघून जातात. वाट नसेल तर भूजल चढत जातं. ते दीड-दोन मीटरच्या आत आलं की काळी माती ते आपणहून वर ओढते, आणि उन्हाळ्यात रानाला मीठ फुटतं.

हे दुखणं जुनं आहे. दक्षिण इराकमधल्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे हिशेब सापडतात. १९५८ साली याकोबसन आणि अ‍ॅडम्स यांनी त्यावरून आणि मातीच्या भांड्यांवरच्या दाण्यांच्या ठशांवरून असं मांडलं की, इ.स.पू. ३५०० च्या सुमारास तिथे गहू आणि जव बरोबरीने पिकत होते. पुढे गहू घटत गेला आणि इ.स.पू. १७०० पर्यंत जवळजवळ दिसेनासा झाला. जव क्षार सोसतो, गहू तितका सोसत नाही. या निष्कर्षावर पुढे विद्वानांनी आक्षेप घेतले, आणि एवढ्या मोठ्या बदलामागे एकच कारण असेल असं मलाही वाटत नाही. नाईलकाठी तसं झालं नाही, कारण तिथला पूर दरवर्षी ओसरताना जमीन धुऊन जाई. बारमाही कालवे आले, पूर थांबला, आणि मग इजिप्तलाही लाखो हेक्टरांत जमिनीखाली नळ्या टाकाव्या लागल्या.

पण तू इराककडे नंतर बघ, आधी नीरा नदीकडे बघ. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी टापूतली ज्वारी-बाजरी वाचवावी हा त्यामागचा विचार होता. पाणी आल्यावर लोक उसाकडे वळले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मात्र काही वर्षांतच खालच्या अंगाची रानं पाणथळ झाली. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. तो मिळवून वाच. अभियंते विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या अशा कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक तुकड्यातच पाणी द्यायचं, त्यातल्या काही भागात ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिकं घ्यायची. ती मुख्यतः पाणीवाटपाची शिस्त होती, पण बेसुमार पाण्यालाही तिने थोडा आवर घातला. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक विशेष विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तो वाढला. धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींसाठी आज नावाजलेली खडकवासल्याची संशोधन संस्था त्याच विभागातून उभी राहिली. एवढ्या मोठ्या संस्थेचं मूळ कालव्याखालच्या शेतीच्या अडचणींत आहे, हे तुझ्या वर्गातल्या मुलांना जरूर सांग.

आपल्या दख्खनची गंमत मातीच्या थरांत आहे. वर काळी माती, तिच्यातून पाणी मुंगीच्या पावलांनी सरकतं, खाली मुरूम, त्यातून ते मोकळं वाहतं, त्याखाली कातळ. म्हणून निचऱ्याचा चर मुरमापर्यंत पोचला की दूरचं पाणीही त्यात उतरतं, आणि काळ्या मातीतच थांबला तर खर्च वाया जातो. जमिनीतून पाणी वाहण्याचा दार्सीचा १८५६ चा नियम किंवा चरांमधलं अंतर काढण्याचं हुघाउटचं १९४० चं सूत्र तू पुस्तकातून शिकशीलच. पण सूत्रात आकडे भरण्याआधी स्वतः खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते बघ.

आणखी एक गोष्ट घाईने ओलांडू नकोस. खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या जमिनी आहेत. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारजमीन प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेत त्यांच्या सीमा आखून दिल्या: संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेनच्या वर गेली तर खारवट, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं तर चोपण. खारवट जमीन निचरा करून नुसत्या पाण्याने धुता येते. चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर आणखी बिघडते. मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. तिथे आधी जिप्सम घालून कॅल्शियमने सोडियम हुसकावून लावायचं आणि मगच धुवायचं. माती न तपासता जिप्सम विकणारे आणि विकत घेणारे दोघंही मी पाहिलेत, आणि शेतकऱ्याचा पैसा असा गेला की जीव तुटतो.

ठिबकने यातून सुटका होते असं समजू नकोस. पाणी कमी लागतं म्हणून क्षारही कमी येतात, हे खरं. पण जे येतात ते ओल्या पट्ट्याच्या कडेला साठतात, आणि ते कधीतरी धुवावेच लागतात.

सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी शेतकरी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकत आहेत. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. मुख्य नळी दुसऱ्याच्या रानातूनच न्यावी लागते, सगळ्यांची संमती लागते. आणि निघालेलं खारं पाणी जातं कुठे? कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्यातलं निचऱ्याचं पाणी केस्टरसन तलावात सोडलं होतं. त्यातल्या सेलेनियममुळे तिथे व्यंग असलेली पक्ष्यांची पिलं निपजत असल्याचं १९८३ साली दिसलं, आणि पुढे तो निचरा बंद करावा लागला. आपल्याकडे हे पाणी ओढ्याने नदीत जातं, आणि नदीवर खालचं गाव पाणी भरतं.

तेव्हा मे महिन्यात इकडे ये. ओढ्याकाठच्या विहिरींची पातळी पावसाआधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा मोजू. विद्युतवाहकतेचं मीटर कॉलेजातून मागून आण. लेव्हल लावून ओढ्याचा तळ आपल्या रानापेक्षा किती खाली आहे ते काढ. तो उथळ निघाला, तर नळीची किंमत काढण्याआधी ओढा खोल करण्याबद्दल आणि त्यात उतरणाऱ्या पाण्याबद्दल खालच्या गावाशी बोलावं लागेल. त्या बैठकीला मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
आजोबा