नजर कुठे असते?

स्वातंत्र्यदिनाला आमच्या सोसायटीच्या आवारात झेंडावंदन झालं. राष्ट्रगीताला जेमतेम 52 सेकंद लागतात. तेवढ्यात फाटकाजवळचा एक तरुण मोबाइलवर बोलत असल्याचं माझ्या लक्षात आलं आणि उरलेलं राष्ट्रगीत मी त्याच्याकडे रागाने पाहण्यात घालवलं. नंतर चहा घेताना कळलं, असे आम्ही सहा-सात जण होतो. त्या मुलाचं चुकलंच. पण झेंड्यावरची नजर त्या एकाचीच हटली नव्हती, आम्हा सगळ्यांचीच हटली होती. ही बोचणी अजून गेलेली नाही.

अशा वेळी मला नंदुरबारचा माणिक चौक आठवतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिथे शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमारने वयाची सोळा वर्षंही पुरी केली नव्हती. त्याच्या हातातल्या झेंड्यावर अशोकचक्र नव्हतं. घटना समितीने आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला तो पुढे 22 जुलै 1947 रोजी, आणि ध्वजाचा अवमान हा गुन्हा ठरवणारा कायदा आला थेट 1971 साली. म्हणजे ज्या कापडासाठी ही मुलं गेली, त्याचा मान राखा असं सांगणारा कायदा तेव्हा नव्हताच. सरकारची बंदूक उलट त्याच्यावर रोखलेली होती. मान आधी आला, कायदा मागाहून.

म्हणूनच सक्तीने घडवलेल्या आदराबद्दल मला शंका वाटते. केरळात 1985 साली तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं होतं. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला रोज नीट उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 1986 रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला: आदराने उभं राहणाऱ्याने गायलंच पाहिजे अशी सक्ती कोणताही कायदा करत नाही. हा निकाल मला आपल्या लोकशाहीचा मोठेपणा वाटतो. ओठ मिटलेल्या त्या मुलांचं उभं राहणंही न्यायालयाला दिसलं. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत बंधनकारक करणारा 2016चा आदेशही त्याच न्यायालयाने जानेवारी 2018मध्ये सैल केला.

मग आदर दिसतो कुठे? एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तो पाहिला. सकाळी भाषणं झाली, मुलांना खाऊ मिळाला, पाहुणे गेले. संध्याकाळी मी सहज त्या वाटेने आलो. मैदानात फक्त शाळेचे शिपाईमामा होते. त्यांनी चपला बाजूला काढल्या, क्षणभर ताठ उभे राहिले आणि दोरी हळूहळू सोडू लागले. झेंडा जमिनीला टेकू न देता त्यांनी तो हातांवर झेलला. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडला, घडीवर चक्र दिसत राहील असं पाहिलं. मग ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन ते कार्यालयाकडे निघाले. मी कुंपणाबाहेर उभा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.