राष्ट्राचा माणूस कोण?

प्रकटीकरणाच्या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांना पत्रे लिहिली आहेत, त्यांची नावे आपल्या खेड्यांतील शब्बाथशाळेची मुलेही तोंडपाठ म्हणतात: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. पण ही गावे आज कोणत्या देशात आहेत, असे विचारले तर पुष्कळ उपदेशकही क्षणभर थांबतात. ती सातही तुर्कस्थानात आहेत. स्मुर्णाला आता इझमिर म्हणतात व फिलदेल्फियाला आलाशेहिर. पौलाचे तार्सस तेथेच, आणि पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात ज्या देशांचे लोक जमले होते त्यांपैकी कप्पदुकियाही तेथेच. 1914 साली त्या भूमीवर पाच माणसांत सुमारे एक ख्रिस्ती होता. आज शंभरांत एकही भरत नाही.

हे कसे झाले, ह्याचे उत्तर आमच्यातील कित्येक जण एका शब्दात देतात, 'तलवारीने' म्हणून. हे उत्तर खोटे नव्हे, पण अर्धे आहे. शेवटचे काम तलवारीने झाले नाही. ते स्वित्झर्लंडातील लोझान नगरात सुशिक्षित मुत्सद्द्यांनी मेजाभोवती बसून, शाईने केले. म्हणून आज त्या इतिहासाकडे आम्ही एक प्रश्न घेऊन जातो. ज्या लोकांवर अन्याय झाला आहे व जे न्यायासाठी लढत आहेत, त्यांना त्या लढ्यामुळे आपल्या शेजाऱ्याचे घर रिकामे करण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? आणि राष्ट्राचा माणूस कोण, हे ओळखावे तरी कशावरून?

प्रथम तुर्क लोकांच्या बाजूने जे खरे आहे ते सांगणे प्राप्त आहे. पहिल्या महायुद्धात उस्मानी बादशाही जर्मनीच्या बाजूने लढली. आपल्याकडील घरांनाही त्या युद्धाची झळ लागली आहे. कूत येथे 29 एप्रिल 1916 रोजी जी इंग्रजी फौज तुर्कांच्या हाती पडली ती सहावी पुणे डिव्हिजन होती, तीत मराठा पलटणी होत्या, आणि त्या कैद्यांतील पुष्कळ जण वाळवंटातील वाटचालीत व रेल्वेच्या कामावर मेले. पुढे 30 ऑक्टोबर 1918 रोजी मुद्रोस येथे बादशाहीने शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा जेत्यांनी तिचे जे केले ते न्यायाचे नव्हते. 15 मे 1919 रोजी दोस्त राष्ट्रांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मुर्णात उतरले. 10 ऑगस्ट 1920 च्या सेव्र तहाने तर तुर्कांच्या हाती अनातोलियाचा उत्तरेकडील व मधला भाग तेवढा उरावयाचा होता. सुलतानाच्या वकिलांनी त्यावर सह्या केल्या. हा सुलतान पुढे 1922 साली इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर बसून निघून गेला.

परंतु अनातोलियातील शेतकऱ्याने सही केली नव्हती. 19 मे 1919 रोजी मुस्तफा केमाल साम्सुन बंदरात उतरले. एर्झुरूम व सिवास येथे सभा भरल्या, आणि 23 एप्रिल 1920 रोजी अंकारा ह्या तेव्हाच्या धुळकट गावात राष्ट्रीय सभा बसली. तिच्याजवळ पैसा नव्हता की कारखाने नव्हते. इनेबोलू बंदरावर उतरलेला दारूगोळा बैलगाड्यांतून डोंगर चढून अंकाऱ्याकडे जाई, व त्या गाड्या पुष्कळदा बायकाच हाकीत. 1921 च्या ऑगस्टात फर्मान निघाले की प्रत्येक घराने सैनिकासाठी आतले कपडे, पायमोजे व जोडा द्यावा. ज्यांच्या घरात एकच जोडा असतो त्या आमच्या वाचकांस ह्या फर्मानाचे वजन निराळे सांगावयास नको. त्याच महिन्यात साकार्या नदीवर बावीस दिवसांची लढाई सुरू झाली, आणि 9 सप्टेंबर 1922 रोजी तुर्की घोडेस्वार स्मुर्णात शिरले.

ह्या लढ्यात ग्रीक ख्रिस्ती होते म्हणून ते बरोबर, असे मनात आणणारे वाचक आमच्यात असतील. त्यांनी हे ऐकावे. माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने वाटेतील गावे जाळली, आणि त्या जळालेल्या गावांत आलाशेहिरही होते. ज्या फिलदेल्फियाला प्रकटीकरणाच्या पत्रात दोष दिलेला नाही, ती फिलदेल्फिया ख्रिस्ती म्हणविणाऱ्या शिपायांच्या हातून जळाली! तेव्हा आमचा निर्णय असा की, परक्या सैन्याला आपल्या भूमीवरून घालविण्याचा तुर्कांचा हक्क खरा होता.

आता दुसरी बाजू. न्यायाच्या कारणाला एक मोह सदा चिकटलेला असतो. ते कारण आपल्या अनुयायाला सांगते की, तू खरा आहेस, म्हणून तू जे करशील ते खरे. ह्या लढ्याच्या आधीच, 1915 साली, उस्मानी सरकारने आर्मेनियन लोकांना गावोगावाहून उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकले होते. त्यांतील मृतांचा आकडा बहुतेक इतिहासकार सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगतात. ते सरकार बुडाले, परंतु नव्या सरकारने त्या उरलेल्या लोकांची घरे त्यांना परत उघडून दिली नाहीत. 13 सप्टेंबर 1922 रोजी स्मुर्णाच्या आर्मेनियन वस्तीत आग लागली. आर्मेनियन व ग्रीक वस्त्या राख झाल्या, तुर्की वस्ती वाचली, आणि लाखो माणसे समुद्र व ज्वाळा ह्यांच्यामध्ये धक्क्यावर उभी राहिली. बंदरात दोस्त राष्ट्रांची लढाऊ जहाजे नांगरलेली होती, पण त्यांना तटस्थ राहण्याचे हुकूम होते. परक्या निशाणाच्या भरवशावर शेजाऱ्याशी वाकडे धरावे, असे ज्या कोणा ख्रिस्ती मंडळीला वाटत असेल तिने त्या धक्क्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

आणि मग लोझान. 30 जानेवारी 1923 रोजी ग्रीस व तुर्कस्थान ह्यांनी प्रजेच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्थानातील ग्रीक सनातन मंडळीचे लोक ग्रीसला द्यावयाचे व ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्थानाने घ्यावयाचे. इस्तंबूलचे ग्रीक व पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढे त्यातून वगळले. जाणे सक्तीचे, आणि सरकारच्या परवानगीवाचून परत येण्यास मनाई. सुमारे बारा लाख ख्रिस्ती व चार लाखांच्या आसपास मुसलमान ह्या हिशेबात धरले गेले. ख्रिस्त्यांपैकी बहुतेक जण युद्धातच पळून गेले होते. करारामुळे त्यांची परतीची वाट बंद झाली. मागे राहिलेल्या शेताचे व घराचे मोल मिळेल असे करारात लिहिले होते, पण 1930 साली दोन्ही सरकारांनी ते दावे परस्पर मिटवून टाकले.

येथे वाचकाने थोडे थांबावे. ह्या कराराने माणसाची भाषा विचारली नाही व त्याची इच्छाही विचारली नाही. विचारला तो केवळ धर्म. कप्पदुकियात करामानली नावाचे ख्रिस्ती लोक होते. त्यांची मातृभाषा तुर्की. शास्त्र व प्रार्थना ते तुर्की भाषेतच, पण ग्रीक अक्षरांत लिहीत. पुष्कळांस ग्रीक बोलता येत नव्हते आणि ग्रीस देश त्यांनी पाहिला नव्हता. ते ग्रीक ठरले. उलट, तीताला पौलाने ज्या क्रेत बेटात ठेवले तेथील मुसलमान घरात ग्रीक बोलत. ते तुर्क ठरले. पापा एफ्तिम नावाचा एक पाद्री अंकाऱ्याच्या सरकारशी एकनिष्ठ राहिला, आणि आपण तुर्क ख्रिस्ती आहोत असे सांगून त्याने निराळी मंडळीही स्थापिली. त्याला व त्याच्या कुटुंबाला राहू दिले. पण ज्यांच्यासाठी तो बोलला ते कप्पदुकियातील लोक मात्र जहाजावर चढले.

ह्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या सरकारने 3 मार्च 1924 रोजी खिलाफत मोडली, तेच सरकार राष्ट्राचा माणूस निवडताना धर्माचीच चाळणी वापरीत होते. ज्या खलीफाच्या गादीसाठी हिंदुस्थानात 1919 पासून एवढी चळवळ झाली, त्याला त्याच्याच लोकांनी देशाबाहेर घालविले. (त्याची मुलगी 1931 साली निजामाची सून झाली, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मराठवाड्याच्या राज्यकर्त्यांच्या घरात आली.)

ह्या उपायाचे समर्थन करणारे लोक हलके नव्हते, हेही सांगितले पाहिजे. निर्वासितांची सेवा करणारे नॅन्सेन ह्यांचा ह्या योजनेत हात होता. आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' ह्या 1940 च्या ग्रंथात ग्रीस, तुर्कस्थान व बल्गेरिया ह्यांचा दाखला देऊन म्हटले की, अल्पसंख्य लोकांच्या कायमच्या शांततेस प्रजेची अदलाबदल हाच खरा उपाय आहे. दुर्बळांची मान कोणाच्या हाती सापडू नये, ही तळमळ त्यामागे होती. तिचा अनादर आम्ही करणार नाही. शिवाय ग्रीस व तुर्कस्थान ह्यांच्यात पुढे सलोखाही झाला. ग्रीसच्या वेनिझेलोस ह्यांनी 1934 साली मुस्तफा केमाल ह्यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचविले, हे थोडे नव्हे.

तरीही आमचे समाधान होत नाही. लॉर्ड कर्झन ह्यांनी परिषदेतच म्हटले होते की हा उपाय वाईट आहे व जगाला शंभर वर्षे त्याचा दंड भरावा लागेल. आणि तो त्यांच्या देखत झाला. दंड कसा भरावा लागला ते इस्तंबूलच्या ग्रीकांकडे पाहावे. ते करारातून वगळलेले, म्हणजे राहण्याचा हक्क असलेले लोक. सप्टेंबर 1955 मध्ये त्यांची दुकाने व मंदिरे जमावाने फोडली. 1964 साली त्यांच्यातील हजारो जणांना देशाबाहेर घालविले, व लाखाच्या वर असलेला तो समाज काही हजारांवर आला. शेजाऱ्याला घालवून शांतता मिळते, हा धडा जे राष्ट्र एकदा शिकले, ते उरलेल्या शेजाऱ्यासमोर तोच धडा पुन्हा म्हणून दाखविते. वेगळे केल्याने माणसांना एकत्र राहता येऊ लागत नाही. एकत्र राहण्याची सवय तेवढी मोडते.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न आमच्या उंबरठ्याबाहेरचा नाही. ज्या अमेरिकन बोर्डाने अहमदनगरला शाळा काढल्या, त्याच बोर्डाची माणसे अनातोलियात मेर्झिफोन येथे शिकवीत होती. तेथील कॉलेज 1921 साली बंद पडले व 1924 साली ग्रीसमध्ये, पौलाच्या थेस्सलनीकेत, पुन्हा उघडले. (मुस्तफा केमाल ह्यांचा जन्मही थेस्सलनीकेचाच, ते नगर 1912 साली ग्रीकांनी घेतले, व पुढे अदलाबदलीत तेथील मुसलमानही घरे सोडून गेले.) आणि आपल्या गावच्या पारावर आपल्यालाही कधी कधी ऐकावे लागते की, तुम्ही साहेबाच्या धर्माचे, तुमचा देश निराळा. ह्याला उत्तर देताना आपण आपली मराठी दाखवितो, आजा-पणजाची थडगी व पड ठरलेली शेते दाखवितो. करामानली लोकांजवळही हेच सर्व दाखविण्यास होते. म्हणून आमचे मत असे की, भाषा, वाडवडील किंवा देवळाची दिशा ह्यांचे पुरावे मागून राष्ट्राचा माणूस ओळखणे हीच मूळ चूक आहे. जो तेथे राबतो, कर भरतो, मुले वाढवितो व जाऊ इच्छीत नाही, त्याला पुरावा मागण्याचा अधिकार कोणत्याही विजयाने मिळत नाही. नाबोथाने अहाबास द्राक्षमळा नाकारला तेव्हा त्याने आपला वंशवृक्ष काढून दाखविला नाही. ते वतन आपल्या वाडवडिलांचे आहे, ते आपण देणार नाही, एवढेच तो बोलला.

कप्पदुकियात गेल्वेरी म्हणून गाव होते. तेथील मंदिरात नाझियांझसच्या ग्रेगरीच्या, म्हणजे चवथ्या शतकातील त्या थोर धर्मपंडिताच्या, अस्थी जतन केलेल्या होत्या. लोकांनी गाव सोडले तेव्हा त्या अस्थी उचलून बरोबर नेल्या, आणि ग्रीसमध्ये कवाला शहराजवळ नवे गाव वसवून तेथे ठेवल्या. गेल्वेरीच्या रिकाम्या घरांत ग्रीसमधून आलेले मुसलमान राहावयास आले, व ते मंदिर मशीद झाले. नव्या गावात आलेल्या म्हाताऱ्या तुर्की बोलत, म्हणून तेथील लोक अशांना 'तुर्कांचे बी' म्हणत. आणि क्रेतहून तुर्कस्थानात गेलेल्यांना तिकडचे शेजारी 'अर्धे काफर' म्हणत. आता त्यांची नातवंडे-पतवंडे बसगाड्यांनी एकमेकांच्या गावी येतात, आणि आजीने सांगितलेली विहीर कोठे आहे असे तेथे राहणाऱ्यांस विचारतात.