ढगाला नाव कोण देणार?

मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून अरबी समुद्रापासून आमच्या देवळ्यापर्यंत सरकत येणारे ढग बघायची मला सवय आहे. त्यातली बरीच चित्रं 'मेटिओसॅट' या युरोपीय उपग्रहांची असतात. युरोपचा उपग्रह आपल्या डोक्यावर कशाला? तर १९९८ मध्ये 'इंडोएक्स' नावाच्या प्रयोगासाठी मेटिओसॅट-५ सरकवून हिंदी महासागरावर आणला गेला. प्रयोग संपला, पण सोय राहिली. एक उपग्रह थकला की दुसरा त्या भागात येतो.

इंडोएक्समध्ये भारत, अमेरिका, युरोप, मालदीव असे सगळे होते. नेतृत्वात व्ही. रामनाथन, पॉल क्रुट्झन आणि आपल्याकडचे ए. पी. मित्रा. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये त्यांनी जहाजं, विमानं आणि उपग्रह वापरून दक्षिण आशियातून समुद्रावर जाणारी धुरकट हवा मोजली. त्यात काजळी होती. काजळी ऊन शोषते, त्यामुळे वरची हवा तापते आणि खाली पोचणारा प्रकाश कमी होतो.

इथपर्यंत सगळं छान. मग २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला आणि या धुरक्याला नाव मिळालं, 'एशियन ब्राउन क्लाउड'. भारतात संताप उसळला. जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून आक्षेप घेतले. गाडगीळ मूळच्या पुण्याच्या, आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केलेल्या. हे धुरकं वर्षभर नसतं, ते फक्त आशियातच होतं असंही नाही, असा त्यांचा मुद्दा. रामनाथन, मित्रा आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं.

मला छळणारा प्रश्न असा, की आपलं आकाश दुसऱ्यांना मोजू द्यायचं आणि त्या मोजमापातून आपल्यावरच बोट रोखलं गेलं, तर मोजू दिलं हे चुकलं का?

माझ्या धंद्यात ओपन सोर्सची भाषा चालते. कोड एकदा खुला केला की कोण कशासाठी वापरेल यावर हुकूम चालत नाही. पण ही तुलना लंगडी आहे. कोड मी लिहिलेला असतो, आकाश मात्र कुणीच लिहिलेलं नाही. आणि त्या धुरात चुलीचाही धूर होता. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "धूर तर माझ्या डोळ्यात जायचा, समुद्रावर कधी गेला?" तिला कुणी विचारलं नव्हतं. दुसरीकडे, श्रीमंत देशांच्या गाड्यांतून आणि कारखान्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला रंगच नसतो. त्याचा ढग कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला कुठल्या खंडाचं नावही पडत नाही.

तरीही माझं मत मोजू देण्याच्याच बाजूचं आहे. गाडगीळ-श्रीनिवासन यांचा आक्षेप वजनदार ठरला, कारण मोजमापं त्यांच्याही समोर होती. आकडे कुलपात असते तर आपल्याकडे फक्त राग उरला असता, आणि रागाला 'करंट सायन्स' छापत नाही. शिवाय ती काजळी खरीच होती. ती सगळ्यात आधी आजीच्या छातीत गेली, हे देशाच्या अब्रूपायी लपवणं मला जास्त वाईट वाटतं.

पण मोजणं वेगळं आणि नाव ठेवणं वेगळं. मोजायला यंत्र लागतं. नाव ठेवताना कुणीतरी ठरवत असतं, की दोष नकाशावर कुठे टेकवायचा. ते ठरवताना ज्यांच्यावर तो ढग आहे त्यांचा माणूस खोलीत असायला हवा, आणि नुसता शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. मित्रा तर खोलीत होतेच की! तरीही ते नाव पडलं.

पुढे 'एशियन' जाऊन तिथे 'ॲटमॉस्फेरिक' आलं. शब्द बदलला हे बरंच झालं. आजीचं मत मात्र तेव्हाही कुणी विचारलं नाही.