शाल एका दिवसाची, मान रोजचा



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपण आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळतो. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये त्याची घोषणा केली व त्याच वर्षी २५ जुलैला तो प्रथम साजरा झाला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम व संत अ‍ॅना यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून हा रविवार निवडला गेला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० सालीच १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला होता. केंद्र सरकारने ‘वयोश्रेष्ठ सन्मान’ सुरू केला. आपल्या राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला.

हे सगळे योग्यच आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या ज्या पिढीने डोल जाळी ओढली, बोंबील वाळवले, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठले, तिच्या घामावर आपली शिक्षणे झाली. उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना तोंडपाठ होते. संध्याकाळची जपमाळ त्यांनी चुकवली नाही, म्हणून आपल्या घरात श्रद्धा टिकली. अशांच्या खांद्यावर शाल घालताना आपण उपकार करत नाही. थोडे ऋण मान्य करतो.

पण शाल घडी करून कपाटात गेल्यावर काय?

चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते. तेथे जो हिब्रू शब्द आहे, त्याच्या मुळाशी ‘वजन’ हा अर्थ आहे. मान देणे म्हणजे वजन देणे. आपणही मराठीत म्हणतो, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. आता आपल्या घरात पाहू या. जुने घर पाडून नवीन बांधायचे ठरते, तेव्हा आजोबांचे मत विचारले जाते की फक्त सही घेतली जाते? जेवणाच्या टेबलावर सगळे इंग्रजीत बोलत असताना आजी कोणाशी बोलते?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू ‘कुर्बान’ या प्रथेवर कडक बोलतो. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हटले की मुलगा मोकळा! बाहेरून धर्म, आतून जबाबदारीची टाळाटाळ. आपला सत्कार समारंभही असा कुर्बान होऊ शकतो. व्यासपीठावर नारळ दिला की घरातले देणे फिटले, असे वाटू लागते.

आणखी एक गोष्ट. सत्कार करताना आपण योगदान मोजतो. मग जी माउली सहा वर्षे अंथरुणाला खिळली आहे, जिला मुलाचे नावही आठवत नाही, तिचे काय? तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. ज्याच्याकडून आता काहीच मिळायचे नाही, त्याला आपण कसे वागवतो, यात आपलीच पारख होते. माणसाचे मोल देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात घडवले यात आहे. त्याने किती कमावले यात नाही.

क्रुसावरून प्रभूने आपल्या आईचे गुणगान केले नाही. त्याने तिच्यासाठी घर पाहिले. तिला योहानाच्या हाती सोपवले आणि त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. २००७ च्या कायद्याने म्हातारे आईवडील मुलांकडून पोटगी मिळवू शकतात. तो कायदा गरजेचा आहे. पण शेजारी बसून दोन शब्द बोलणारे माणूस कोणताही कायदा मिळवून देत नाही.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. घरातला एक तरी निर्णय ज्येष्ठांना विचारून घ्या. त्यांना हाताला धरून मिस्साला आणा. ज्यांना येणे शक्य नाही त्यांची नावे कार्यालयात कळवा; पवित्र कम्युनियन त्यांच्या घरी नेता येईल.

आणि प्रिय ज्येष्ठांनो, ‘आता माझा काय उपयोग’ असे म्हणू नका. मंदिरात बाळ येशूला ओळखले ते म्हाताऱ्या शिमोनाने आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नाने. तरुणांची गर्दी तेथेही असेल. ओळखणारे डोळे तुमच्या वयाचे होते.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू