शहर नसलेल्या जिल्ह्यातले बेघर

मुंबई–गोवा महामार्गालगत, कुडाळ तालुक्यातील पणदूर येथे जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे. संदीप परब यांनी सुरू केलेल्या या संस्थेने मुंबईतील बेघरांसाठीही काम केले आहे. पणदूरचा आश्रम वृद्ध, आजारी, मनोरुग्ण आणि निराधार अशा सगळ्यांना एकाच आवारात आसरा देतो. जेवण, अंथरूण, शुश्रूषा, औषधपाणी आणि घरच्यांचा शोध ही सगळी कामे तेथे एकत्र चालतात. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात असा आश्रम लागतो याचेच अनेकांना नवल वाटते, कारण बेघर म्हटले की महानगरातला पदपथ आणि उड्डाणपुलाखालची वस्ती एवढेच चित्र उभे राहते. सरकारी धोरणही बऱ्याच अंशी याच चित्रावर बेतलेले आहे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, फलाटावर, देवळात, मोठ्या पाइपांत किंवा जिन्याखाली राहणारे लोक तीत धरले गेले. देशभरात ते १७.७३ लाख भरले आणि त्यांपैकी सुमारे ८.३५ लाख ग्रामीण भागातले होते. म्हणजे बेघरांतला जवळपास निम्मा हिस्सा शहराबाहेर आहे. अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेघरांसाठी बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी स्वतंत्र योजना आली. तिचे प्रमाण एक लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा असे ठरले आणि माणशी ५० चौरस फूट जागा गृहीत धरली गेली. निवारा चोवीस तास उघडा असावा, तेथे स्वयंपाकघर, पाणी, शौचालय, अंथरूण-पांघरूण आणि प्रथमोपचार असावेत, राहणाऱ्यांना ओळखपत्र व पेन्शनसारख्या योजनांशी जोडून द्यावे, असा त्या योजनेचा आराखडा होता. एकत्रित सेवेची कल्पना म्हणजे सरकारी कागदावर केव्हाच मान्य झालेली आहे. मात्र ती शहरापुरती मर्यादित राहिली.

सिंधुदुर्गात या मापाचे शहरच नाही. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती आणि सावंतवाडी, मालवण, कुडाळ, कणकवली यांपैकी एकाही गावाची वस्ती २५ हजारांवर गेलेली नव्हती. दर लाखामागे एक निवारा हे प्रमाण लावले, तर यांतल्या एकाही गावाच्या वाट्याला निवारा येत नाही. बेघर माणसे मात्र येथेही आहेत आणि ती तीन वाटांनी येतात.

पहिली वाट रेल्वेची आणि महामार्गाची. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके देशाच्या चारी टोकांशी जोडली गेली. मानसिक आजारात घर सोडून निघालेला माणूस कोणत्याही गाडीत बसतो आणि कोणत्याही स्थानकावर उतरतो. आपण कोठे आलो हे त्याला कळत नाही, आणि त्याची भाषा फलाटावरच्या कोणाला कळत नाही. दुसरी वाट रोजगाराची. मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बंदरांत परप्रांतातले खलाशी काम करतात, हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कामगार असतात, चिऱ्याच्या खाणींवर आणि बांधकामांवर बाहेरून मजूर येतात. काम असते तोवर मालकाने दिलेली खोली किंवा होडी हेच त्यांचे घर. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद होते, हंगाम संपतो किंवा माणूस आजारी पडतो, तेव्हा काम आणि निवारा दोन्ही एकाच दिवशी जातात.

तिसरी वाट जिल्ह्याच्या आतलीच आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. सिंधुदुर्गाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया अशी नोंद झाली ती मुख्यतः यामुळेच. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी, एरवी कुलूपबंद असलेली घरे वाडीवाडीत दिसतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा सांभाळ करणारे कोणी उरले नाही किंवा सामायिक घरात त्याला जागा नाकारली गेली, की त्याचा मुक्काम देवळाच्या पडवीत किंवा एसटी स्टँडवर हलतो. चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तेवढेच कोरडे आडोसे असतात. गावातली माणसे अशा माणसाला चहा देतात, जुने कपडे देतात, उरलेले जेवण देतात. हा शेजारधर्म खरा आहे. पण जखम चिघळली, ताप चढला किंवा भ्रम वाढला तर पुढे काय करायचे, याचे उत्तर शेजारधर्माकडे नसते.

सेवा एका छताखाली असण्याचे कारण येथेच सापडते. बेघर माणसाला लागणारी प्रत्येक गोष्ट कोठल्या तरी कार्यालयात उपलब्ध असते, पण तिथे पोचायला दुसरी कोणती तरी गोष्ट आधी लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जाला राज्यात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो. पुराव्यासाठी पत्ता लागतो. पत्ता सांगायला तो आठवावा लागतो, आणि आठवण ताळ्यावर यायला औषध लागते. औषध रोज वेळेवर घ्यायचे, तर झोपायला ठरलेली जागा आणि पोटात अन्न हवे. रुग्णालयाने गोळ्या लिहून दिल्या तरी स्टँडवर झोपणारा माणूस त्या ठेवणार कोठे, हा साधा प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या कक्षेत येत नाही. धडधाकट, लिहिता-वाचता येणारा माणूसही तहसील कार्यालय, जिल्हा रुग्णालय, पोलीस ठाणे आणि बँक यांच्या फेऱ्यांनी थकतो. भ्रमिष्ट किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडून त्या फेऱ्यांची अपेक्षाच करता येत नाही. म्हणून त्याच्यापाशी सगळ्या सेवा आल्या पाहिजेत.

अशा निवाऱ्याचे काम ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकते. पहिला टप्पा शरीराचा. जटा झालेले केस कापावे लागतात, नखे काढावी लागतात, अंघोळ घालावी लागते. पायाच्या जखमेत अळ्या पडलेल्या असतील तर त्या काढून रोज मलमपट्टी करावी लागते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवण सोसत नाही, त्यामुळे प्रकृतीला धोकाही होऊ शकतो. म्हणून पेजेसारखे हलके अन्न थोडे थोडे देऊन सुरुवात करावी लागते. अंगाला हात लावू न देणारा, ताट भिरकावणारा माणूस या काळात सांभाळायचा म्हणजे कार्यकर्त्यांच्या धीराची कसोटी असते. या टप्प्यावर क्षयरोग, मधुमेह, रक्तक्षय अशा दुर्लक्षित आजारांची तपासणीही झाली पाहिजे.

दुसरा टप्पा मनाचा. रस्त्यावर बडबडत फिरणाऱ्यांपैकी अनेकांना स्किझोफ्रेनियासारखा आजार असतो आणि योग्य औषधांनी काही आठवड्यांत त्यांच्यात फरक दिसू लागतो. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हे हजारो माणसांच्या बाबतीत दाखवून दिले. संस्थेचे कर्जतचे केंद्र २००६ मध्ये सुरू झाले आणि या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘वेडा’ म्हणून सोडून दिलेला माणूस बरा होऊन स्वतःचे नाव सांगू शकतो, ही गोष्ट त्या कामामुळे वादापलीकडे गेली आहे.

तिसरा टप्पा ओळखीचा. माणूस बोलू लागला तरी त्याचे बोलणे तुटक असते. आधी एखाद्या नदीचे नाव येते, मग बाजाराच्या गावाचे, शाळेचे किंवा जवळच्या स्थानकाचे. भाषेच्या ढंगावरून राज्याचा अंदाज बांधायचा, ती भाषा जाणणाऱ्या कोणाला तरी फोनवर आणायचे, मग तिथल्या पोलीस ठाण्याशी किंवा सरपंचाशी संपर्क साधायचा, अशी शोधाची रीत असते. पूर्वी आधार नोंदणी झालेली असेल तर बोटांच्या ठशांवरूनही कधी कधी ओळख पटते. चौथा टप्पा घरी पोचवण्याचा. त्यात नातेवाइकांची समजूत घालणे, औषधांची माहिती देणे आणि पुढे काही महिने विचारपूस करत राहणे येते. हे झाले नाही, तर औषध सुटते आणि तोच माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. ज्यांना घर उरलेले नाही किंवा घरचे घेत नाहीत, त्यांच्यासाठी पाचवा टप्पा उरतो: कायमचा मुक्काम, झेपेल असे काम, कागदपत्रे, हक्काची पेन्शन आणि अखेर सन्मानाने अंत्यसंस्कार.

हे सारे परोपकाराचे काम म्हणून पाहिले जाते, पण कायद्याने ते कर्तव्य ठरवले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारी, भटकणारी व्यक्ती हद्दीत आढळली तर तिला संरक्षणात घेणे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे ही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. ती बेघर असल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध पोलिसांनीच घ्यायचा आहे. बेघर आणि निराधार रुग्णांना मोफत उपचाराचा हक्क याच कायद्याने दिला. त्याच्या कलम १९ प्रमाणे घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. त्याच्यासाठी समाजात राहण्याची सोय सरकारने केली पाहिजे.

प्रत्यक्षात सिंधुदुर्गाला सर्वांत जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. ते १८८६ पासूनचे आहे आणि जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या सिंधुदुर्गनगरीपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. तेथून बरा होऊन बाहेर पडणाऱ्या बेघर माणसाला जायचे कोठे, हा प्रश्न कलम १९ मुळे अधिकच टोकदार होतो. रुग्णालय आणि घर यांच्या मधली जागा आज संविता आश्रमासारख्या संस्था भरून काढतात. कायद्याने सरकारवर टाकलेल्या कामाचा मोठा हिस्सा अशा रीतीने देणगीदारांच्या धान्यावर आणि मोजक्या कार्यकर्त्यांच्या अंगमेहनतीवर चालतो. देणगीचा ओघ आटला किंवा कार्यकर्ता थकला म्हणून एखाद्याचा कायदेशीर हक्क संपत नाही, म्हणून ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

एका छताखालच्या सेवेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सर्व काही एकाच आवारात असले, की ते आवार बंदिस्त कोंडवाडा होण्याचा धोका असतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना ठेवणाऱ्यांनीही आश्रयच देऊ केला होता. दुसऱ्या बाजूने, फिनलंडने २००८ पासून मोठे निवारे कमी करत बेघरांना आधी स्वतंत्र घर आणि मग घराच्या आधाराने इतर सेवा देण्याचे धोरण स्वीकारले आणि तेथील बेघरांची संख्या घटली. या दोन्ही अनुभवांचा धडा असा की निवाऱ्याची पारख आत किती माणसे आहेत यावरून करू नये. किती जण बरे होऊन घरी गेले, न गेलेल्यांपैकी किती जण कागदपत्रांसह, कमाईसह, स्वतःच्या इच्छेने राहू लागले, हे पाहावे. कायद्याप्रमाणे नोंदणी, नियमित तपासणी, बाहेरच्या डॉक्टरांची ये-जा आणि नातेवाइकांना उघडे दार ही निवाऱ्याची किमान पथ्ये आहेत. स्त्रियांसाठी स्वतंत्र व सुरक्षित व्यवस्था हे त्यांतलेच एक.

सिंधुदुर्गाच्या बाबतीत यातून निघणारी मागणी सरळ आहे. निवाऱ्याचे माप शहराच्या लोकसंख्येवरून न ठरवता जिल्ह्यावरून ठरवावे आणि ग्रामीण जिल्ह्यांनाही ते लागू करावे. जिल्ह्यात २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञांनी ठरलेल्या वारी निवाऱ्यात यावे, औषधे सरकारी साठ्यातून मिळावीत. तहसील कार्यालयाने निराधार योजनेचे आणि आधारचे शिबिर निवाऱ्यातच भरवावे. ज्यांना गावच आठवत नाही त्यांच्यासाठी निवाऱ्याचा पत्ता रहिवासाचा पुरावा म्हणून धरावा. पोलिसांनी माणूस आणून सोडला की त्याच वेळी हरवलेल्यांची नोंद व्हावी, आणि परराज्यातल्या शोधाची जबाबदारी संस्थेवर न टाकता पोलीस यंत्रणेने घ्यावी. यातील बहुतेक कामांसाठी नवा कायदा लागत नाही, मोठी इमारतही लागत नाही. वेगवेगळ्या खात्यांत आधीच नेमलेल्या माणसांनी ठरलेल्या दिवशी एका ठिकाणी यायचे आहे. संस्थेने माणुसकी, सातत्य आणि माणसाची ओळख पुरवावी. शासनाने पैसा, औषध, कागद आणि देखरेख पुरवावी. कामाची अशी वाटणी झाली तर पणदूरला जे काही मोजक्या माणसांच्या जिद्दीवर चालते आहे, ते कोकणातल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात हक्काची सोय म्हणून उभे राहू शकेल.